थांबशब्द

३ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. साष्टांग घालायला आता कंबर तयार नसते, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे. तुझा गुडघा काय म्हणतो? डॉक्टर म्हणतात जिने चढू नका, आणि तू राहतेस तिसऱ्या मजल्यावर. एक तर घर बदल, नाही तर डॉक्टर. डॉक्टर बदलणं सोपं.

मी बरा आहे. दात सोडले तर सगळं जागेवर आहे. तुझ्या लेकीने मला कामाला जुंपलंय. संस्थेला चाळीस वर्षं होतायत, स्मरणिका निघणार आहे आणि तिच्यात आपल्या सगळ्या नाटकांचा इतिहास हवाय. कुठलं नाटक, कधी, कुठे, त्यात कोण कोण होतं. चिमणी म्हणाली, "मामा, तूच लिही. फक्त भाषण ठोकू नकोस." बत्तीस वर्षांची झाली, अख्खी संस्था चालवते, पण जीभ तुझीच.

तर बसलोय लिहायला. पहिलं नाटक धान्याच्या गोदामात झालं, प्रेक्षक पोत्यांवर. दुसऱ्या प्रयोगापर्यंत गोदामाच्या मालकाला कळलं की नाटकातला मालक म्हणजे तोच. त्याची माणसं सायकलच्या साखळ्या घेऊन आली. भाऊजींनी काय केलं आठवतं? सेटवरचं दार उचललं आणि ढालीसारखं धरून उभे राहिले. दार पुठ्ठ्याचं! दुसऱ्याच फटक्याला साखळी आरपार आली आणि त्यांचं कपाळ फुटलं. रक्त भुवईवरून ओठात उतरत होतं आणि हा माणूस टाके घालणाऱ्याला सांगतोय, "पुढच्या वेळी दार लाकडी करू." त्याच आठवड्यात तू लग्नाचं ठरवलंस. मी म्हटलं, "ताई, अगं कपाळ फुटलेला माणूस?" तू म्हणालीस, "कपाळ पुढे करणारा आहे. तू मागून ओरडत होतास."

खरं होतं ते. मी ओरडणारा. प्रत्येक प्रयोगाआधी पडद्यापुढे येऊन वीस मिनिटं बोलायचो. लोक मला 'तोफ' म्हणायचे आणि मला तो मान वाटायचा. मी सांगायचो, बाहेर माणसं खरा मार खातात. चौकीत खातात, कारखान्याच्या फाटकावर खातात, घरात दार लावून खातात. आणि आम्ही इथे टाळी वाजवून थप्पड झाली म्हणायचं? हातचं राखून मारलेली थप्पड म्हणजे प्रेक्षकाच्या तोंडावर सांगितलेलं खोटं आहे. मला हे आजही पटतं, ताई. अडचण तीच आहे.

म्हणून आपल्याकडे थप्पड खरी असायची. चौथ्या नाटकात शिंप्याचा गळा आवळायचा प्रसंग होता. आपला शिंपी, जो दिवसभर कपडे शिवायचा आणि संध्याकाळी तालमीला यायचा, तो प्रयोगात खरोखर गुदमरला. टाचा घासत होता, फळ्यांवर हात आपटत होता, जीभ निळी पडत चालली होती आणि आम्ही विंगेत उभं राहून "वा!" म्हणत होतो. त्याची आई तिसऱ्या रांगेत होती. ती किंचाळत रंगमंचावर चढली म्हणून वाचला. बाहेर आल्यावर तिने मला चपलेने मारलं. ती थप्पडही खरीच होती.

त्या दिवशी भाऊजींनी थांबशब्द काढला. प्रत्येक नाटकाच्या पहिल्या तालमीला एक शब्द ठरवायचा, जो त्या नाटकात कुठेच येत नाही. कुणीही तो उच्चारला की सगळं जागच्या जागी थांबवायचं, पडदा पाडायचा, आणि का म्हणालास असं कुणी विचारायचं नाही. पाचव्याला 'लिंबू' होता. सहाव्याला 'मांजर', आणि तिसऱ्या प्रयोगाला खरोखरच मांजर रंगमंचावर आलं. नायिका ओरडली, "मांजर!" सगळे पुतळे झाले, पडदा पडला, लोकांना वाटलं नाटक संपलं आणि ते घरी गेले. भाऊजी महिनाभर हसत होते. पण बघ, शब्द कुणी मोडला नाही. आपल्याकडे देव एकच होता, तो शब्द.

सातवं, आठवं, नववं, दहावं लिहून झालं. अकरावंही झालं. बाराव्याचं नुसतं नाव आणि तारीख लिहून तेराव्याकडे गेलो. तुला कारण सांगायला नको.

तू विचारलंस, पैलवान समारंभाला येणार का. नाही. ज्याच्या हातून भाऊजी गेले त्याला मी कसा बोलावेन? निश्चिंत राहा.

तुझा धाकटा,
तोफ (दारू ओली झालेली)


१९ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. स्वेटर पाठवू नकोस, मला उकडतं. पाठवलास तर घालीन.

चिमणीने तुला फोनवर सांगितलंच आहे म्हणतेस. मला मात्र तिने सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणजे मला नाही म्हणता येऊ नये. चाळिसाव्या वर्षी ती बारावं नाटक पुन्हा करणार. तू होकार दिलास हे ऐकून मी खुर्चीत बसलो. तुझं वाक्य तिने वाचून दाखवलं: "त्यांचं शेवटचं काम कुणी पाहिलंच नाही, सगळ्यांनी फक्त मरण पाहिलं." ताई, इतकं चांगलं वाक्य मला आयुष्यात सुचलं नाही.

तालमी आपल्या जुन्या हॉलमध्येच चालल्यात. खालच्या कपड्यांच्या खोलीत अजून तोच आरसा आहे, कोपऱ्यात तडा गेलेला. चिमणी नटांना मारू देत नाही. गादी, चामड्याचा तुकडा, मोजून पावलं, एकदोनतीन. मी म्हटलं, "हे काय, कवायत?" ती म्हणाली, "मामा, तुझ्या पद्धतीने केलं तर दर चाळीस वर्षांनी एक माणूस लागेल." मग तीच म्हणाली, "सॉरी." मी म्हटलं, "सॉरी कशाला, हिशेब बरोबर आहे." आणि बाहेर येऊन जिन्यात उभा राहिलो.

जुन्या पेटीतून तिने नाटकाची एक प्रत काढली. विंगेतून आठवण करून द्यायला वापरायचो ती. शेवटच्या प्रसंगात पेन्सिलीने एक ओळ घातलेली आहे. कैद्याला बांधून मारतायत, भावाचा पत्ता विचारतायत, आणि त्या बिनखिडकीच्या खोलीत तो म्हणतो, "खिडकी उघडा." चिमणी म्हणाली, "मामा, अख्ख्या नाटकात ही एकच ओळ मोठी आहे. छापील प्रतीत नाही. कुणाचं अक्षर?"

मी म्हटलं, गुरुजींचं असेल. प्रॉम्प्टिंग तेच करायचे ना.

ती म्हणाली, "गुरुजी शाईने लिहायचे." आणि माझ्याकडे बघत राहिली. तुझ्यासारखीच बघते, पापणी न हलवता.

तू पुन्हा तेच लिहिलंस. अठ्ठावीस वर्षं झाली, ताई. "मी उठले होते, चिमणीला मांडीवरून खाली ठेवलं होतं. 'खिडकी' कानावर आली आणि मी उठले. मग बसले. मी का बसले?" किती वेळा सांगू, तुझा दोष नाही. शब्द रंगमंचावरच्या माणसासाठी होता. पैलवानाने थांबायला हवं होतं. 'खिडकी' हा त्या नाटकाचा थांबशब्द आहे हे त्याला चाळीस दिवस ठाऊक होतं. भाऊजी चारदा म्हणाले. तो थांबला नाही. कोर्टातही हेच ठरलं. मी दिव्यांच्या पेटीपाशी होतो, मला ऐकू आलं नाही, हेही मी तिथे शपथेवर सांगितलं. मला ऐकू आलं असतं तर!

चिमणीने तो प्रसंग समजावून मागितला म्हणून परवा आठवत बसलो. पैलवान अंगात दोन स्वेटर घालायचा, एरवी काडी होता बिचारा, नावही चेष्टेनेच पडलेलं. हातात रबर गुंडाळलेला दंडुका. तीन थपडा, मग खुर्चीच्या पाठीवर दंडुका, मग पुन्हा थपडा. दुसऱ्या फेरीला खुर्ची मागे कलंडली. हात पाठीमागे बांधलेले, त्यामुळे भाऊजींना डोकं सावरता आलं नाही. मागे भिंतीचा पुठ्ठा दाबून धरायला ठेवलेलं लोखंडी वजन होतं. आवाज झाला तो नारळ फुटल्यासारखा नव्हता, तसं लोक उगाच सांगतात. ओला आवाज होता. पैलवानाने ठरल्याप्रमाणे खुर्ची उभी केली आणि विचारलं, "भाऊ कुठाय तुझा?" भाऊजींच्या कानातून बारीक धार मानेवर आली होती, कॉलर लाल होत चालली होती, आणि ते म्हणाले, "खिडकी." पैलवानाने मारलं. "खिडकी." पुन्हा मारलं. हॉलमध्ये कुणी खोकतही नव्हतं. साडेतीनशे माणसं, आणि माझ्या तळहाताला काचणाऱ्या दोरीचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता. बारा वर्षं मी त्या शांततेसाठी बोलत आलो होतो.

पुरे. हे तुला कशाला लिहितोय? गुडघ्याला शेक घे.

तुझा धाकटा


२ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड आलं. वर तारीख नाही, खाली सही नाही. दोन ओळी.

"दिवे उजवीकडे होते. पडद्याची दोरी डावीकडे. तुझ्या हाताला कसली दोरी काचत होती?"

ते कार्ड चार दिवस खिशात घेऊन फिरलो. जन्मभर मी लोकांना प्रश्न विचारले, शेकड्यांनी, हात वर करून, मूठ आपटून. तुझ्या एका ओळीला उत्तर देताना तीन कागद फाडले. आता अक्षर वाचता येईल असं लिहितो.

पडद्याची दोरी.

प्रयोगाच्या दोन दिवस आधी तालमीत भाऊजींच्या मनगटाला गाठ रुतली आणि ते ओरडले, "खिडकी!" आम्ही थांबलो, गाठ सोडली, त्यांनी मनगट चोळलं. पण तो आवाज माझ्या कानातून जाईना. इतका खरा आवाज आमच्या रंगमंचावर कधी आला नव्हता. बंद खोलीत मार खाणारा माणूस खिडकी मागतो! मला वाटलं, हे नाटकात नाही तर नाटक कशाला? प्रयोगाच्या दिवशी, रविवारी सकाळी अकराच्या चहाला मी प्रत काढली आणि पेन्सिलीने लिहिलं, "खिडकी उघडा." अक्षर माझं आहे. गुरुजी तापाने घरी होते, त्या दिवशी विंगेत प्रत धरून मीच उभा राहणार होतो.

खाली कपड्यांच्या खोलीत आम्ही तिघंच. मी म्हटलं, ही ओळ आजपासून संवादात. आजचा थांबशब्द 'कंदील'. भाऊजी हसले. म्हणाले, "अरे तोफे, चाळीस दिवस खिडकी घोकून घेतलीस, आता ऐन वेळी कंदील कुठून पेटवू?" आणि पैलवान म्हणाला, "मी असा मारीन ना, डोळ्यांपुढे आपोआप पेटेल!" तिघंही हसलो. तेवढ्यात कपडेवाली बाई आत आली. तिने पैलवानाचं तेवढंच ऐकलं. कोर्टात तिने तेवढंच सांगितलं.

भाऊजी बरोबर बोलले होते. डोकं फुटलेल्या माणसाला नवा शब्द आठवत नाही. हाताशी असतो तोच तो उच्चारतो.

पहिली 'खिडकी' संवादातली होती असं मी धरून चालेन. दुसरी नव्हती. दुसऱ्या वेळी 'उघडा' नव्हतं, त्यांनी मान वळवली होती, डाव्या विंगेकडे, माझ्याकडे. मला कळलं. ताई, मला दुसऱ्याच वेळी कळलं. एका हातात प्रत होती आणि दुसऱ्या हातात दोरी, आणि दोरी ओढायला जेवढं बळ लागतं तेवढं माझ्यात होतं. मी ओढली नाही. हॉल श्वास धरून बसला होता. मला वाटलं, आणखी एक मिनिट. एवढंच वाटलं. यापेक्षा मोठं काही कारण असतं तर मी ते अठ्ठावीस वर्षांत शोधून काढलं असतं, मला कारणं चांगली सुचतात.

चौथ्यानंतर त्यांनी मान टाकली. तेव्हा ओढली. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. इस्पितळातले डॉक्टर तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पाच-सात मिनिटं आधी आणलं असतं तर सांगता आलं असतं." तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होतीस आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होतो. त्याच हाताने.

मग मी ती पेन्सिलीची प्रत पेटीच्या तळाला घातली आणि पोलिसांना टाईप केलेली कोरी प्रत दिली. पैलवान कोर्टात म्हणाला, "साहेब, शब्द बदलला होता. 'खिडकी' नाटकातच होती. थांबायचा शब्द 'कंदील' होता." वकिलाने विचारलं, "कुठला कंदील?" लोक हसले. त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, असा काही शब्द ठरला नव्हता. चार वर्षं गेली त्याची आत. बाहेर आला तर आपल्या सगळ्या मंडळींनी त्याला रस्त्यात थुंकून ओळख दाखवली, कारण त्याने शब्द मोडला होता. तू त्याच्या दारात जाऊन त्याच्या म्हाताऱ्या आईसमोर त्याला शिव्याशाप दिलेस. मी तुला रिक्षाने घरी आणलं. वाटेत तू म्हणालीस, "तू नसतास तर मी काय केलं असतं?"

परवा मी त्याच्याकडे गेलो. तो खुर्च्या दुरुस्त करतो. एका गल्लीच्या टोकाला पत्र्याचं दुकान, सरसाचा वास. अजून काडीच आहे. मला बघून म्हणाला, "त्या खुर्चीवर नको बसूस, पाय ओला आहे." मी उभा राहूनच सगळं सांगितलं. भाषण केलं नाही. तो पटाशीने लाकूड तासत ऐकत होता.

शेवटी म्हणाला, "मला रोज एकच वाटतं. आवाज वेगळा होता. मला कळायला हवं होतं."

मी म्हटलं, "मला दुसऱ्याच वेळी कळलं होतं."

त्याने पटाशी नीट बाजूला ठेवली. मग मला मारलं. उघड्या हाताने, कानाखाली. मी फळ्यांच्या ढिगावर पडलो. कॉलर धरून उठवलं आणि पुन्हा मारलं. ओठ फुटला, उरलेल्यांपैकी एक दात हलला. "बोल," तो म्हणाला, "शब्द बोल, थांबतो मी. कुठला होता? बोल!" मी बोललो नाही. मला तो हक्क नव्हता. तिसऱ्यांदा हात उचलला आणि तसाच वर राहिला. मग त्याने तो खाली घेतला, आपल्याच मांडीवर पुसला आणि म्हणाला, "बघ. शब्दाशिवायही थांबता येतं. आपल्या दोघांनाही आलं असतं."

मग मला पाणी दिलं आणि पुन्हा तासायला बसला.

काल मी वकिलाबरोबर कोर्टात गेलो आणि लेखी जबाब दिला, सहीनिशी. प्रत सोबत जोडली. माझं जे व्हायचं ते ते ठरवतील. चिमणीला त्याआधी सांगितलं होतं, खालच्या कपड्यांच्या खोलीत, दार उघडं ठेवून. ती बराच वेळ तड्याच्या आरशाकडे गेली नि आली. मग म्हणाली, "ओळ राहील. ती बाबांची आहे, तुझी नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "पहिल्या प्रयोगाला तू येऊ नकोस, मामा. दोरी मी धरणार आहे." मी विचारलं, पडद्यापुढे येऊन सगळ्यांना सांगू का? ती म्हणाली, "नको. तू बोललास की टाळ्या पडतात." पोरीने मला माझ्यापेक्षा बरोबर ओळखलं.

स्मरणिकेत बाराव्या नाटकाची नोंद अशी लिहिली आहे: "एकच प्रयोग. त्यात प्रमुख नटाचा मृत्यू झाला. थांबशब्द ऐन वेळी बदलून जुना शब्द संवादात घालणारा, आणि तो ऐकूनही पडदा न पाडणारा, दिग्दर्शक होता. मारणाऱ्या नटाचा दोष नव्हता." चिमणीने त्यातला एक शब्दही बदलला नाही. पैलवानाला तिने स्वतः जाऊन आमंत्रण दिलं. तो येणार की नाही ते त्याने सांगितलेलं नाही. तू येणार होतीस ती आता येशील का, हे विचारायची मला सोय नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं. मी का बसले, हा तुझा प्रश्न. त्या हॉलमध्ये साडेतीनशे माणसं होती, आणि तो शब्द खरा आहे हे दोघांनाच कळलं, तुला आणि मला. तू उठलीस. मग तुला वाटलं, खरंच असतं तर पडदा पडला असता, धाकटा आहे ना तिथे. म्हणून बसलीस. तू चुकीचं ऐकलं नव्हतंस, ताई. तू माझ्यावर विसंबलीस, तेवढंच तुझं चुकलं.

अठ्ठावीस वर्षं तू माझं ओझं वाहिलंस. आता ते खाली ठेव.

मी दिव्यांपाशी नव्हतो.

तुझा धाकटा,
डाव्या विंगेतून